सोळा घरांचा एक सूर

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत रंगते. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना महामार्गावर शहापूर लागतं. इंजिनियरिंग कॉलेजमुळे तिथे बाहेरगावची मुलं राहतात, पण आजूबाजूच्या धानपट्ट्यात भजन, गंमत आणि दंडार अजून घट्ट पाय रोवून आहेत. हे सगळे कार्यक्रम उघड्यावर होतात आणि कार्तिकात रात्री दव पडतं. संध्याकाळी स्वरात लावलेली ढोलकी मध्यरात्रीपर्यंत उतरलेली असते. सगळीकडून सारखी उतरली तर गायकाला सूर थोडा खाली घेता येतो. पण कातडं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. पातळ भाग ओल लवकर धरतो, जाड भाग उशिरा. त्यामुळे पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं कातडं, एका अंगाने जास्त सैल पडते आणि मग तिचा सूर कोणता, हेच कळेनासं होतं.

चामड्याच्या वाद्याबाबत दोन वेगळी कामं असतात आणि ती नेहमी एकत्र कालवली जातात. एक काम सूर चढवण्या-उतरवण्याचं. दुसरं काम पुडी चहूबाजूंनी एकसारखी करण्याचं. पहिलं कुणालाही जमतं, हातोडी हाणली की सूर चढतोच. दुसऱ्याला कान, धीर आणि थोडी समज लागते. माझं ठाम मत असं, की वाद्य एकसारखं असेल आणि पाव स्वराने खाली असेल तरी ते कानाला गोड लागतं. पण बरोबर पट्टीत असून एका बाजूला चढं आणि दुसऱ्या बाजूला उतरलेलं असेल, तर उत्तम वादकाचा हातही त्यात वाया जातो.

आधी ताण आणि सूर यांचा हिशोब पाहू. पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सूर दुप्पट उंच न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो. काळी एकमधला तबला फक्त अर्ध्या स्वराने वर, म्हणजे पांढरी दोनमध्ये न्यायचा असेल, तर कंपनसंख्या सुमारे ६ टक्के वाढते, पण त्यासाठी ताण १२ टक्के वाढवावा लागतो. पूर्ण स्वराने चढवायचा तर ताण चौथ्या हिश्शाहून अधिक वाढतो. एखाद्याने हौसेने तबला दोन-तीन पट्ट्या वर नेला आणि पुडी फाटली, यात नवल काही नाही. ज्या मापाची पुडी ज्या पट्टीसाठी आहे तिथेच तिला ठेवावं, फार तर अर्धा स्वर इकडेतिकडे.

आता तबला हातात घेऊ. उजव्याच्या तोंडावर बाहेरून आत पाहिलं तर कडेला चाट, मग लव आणि मध्ये शाई. पुडीच्या भोवती चामड्याच्या वादीचा विणलेला गजरा. गजऱ्यातून खाली तळाच्या कड्यापर्यंत वादी ओढलेली आणि वादीखाली लाकडी गोल गठ्ठे, सहसा आठ. गजऱ्यावर वादी जिथे जिथे अडकते त्या जागा म्हणजे घरं. ती सोळा असतात. या सोळाही घरांत बोट मारल्यावर एकच सूर यायला हवा.

हत्यार एकच, तबल्याची हातोडी. वजनाने बेताची, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला निमुळती. गठ्ठा खाली ठोकला की वादी ताणली जाते आणि सूर चढतो. वर सरकवला की उतरतो. हे मोठं काम, अर्ध्या-एक स्वराचं. बारीक काम गजऱ्यावर होतं. गजऱ्यावर वरून खाली ठोकलं की त्या घराचा सूर चढतो, खालच्या कडेला खालून वर ठोकलं की उतरतो. ठोका गजऱ्यावरच पडला पाहिजे. चाटेवर पडला तर पुडी चिरते, लाकडावर पडला तर खोडाला खोक पडते. नवशिक्यांचे तबले पाहा, गजऱ्याच्या खालच्या लाकडावर हातोडीच्या खुणांची रांग दिसते.

पण हातोडी उचलण्याआधी डोळे वापरावेत, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. तबला डोळ्यांच्या रेषेत धरून सावकाश फिरवावा. गजरा खोडाच्या कडेपासून सगळीकडे सारख्याच खाली आहे का? एका बाजूला तो बोटभर उतरला असेल आणि समोरच्या बाजूला कडेशीच असेल, तर पुडी तिरकी बसली आहे. अशा पुडीला घरं एकेक करून मिळवत बसणं म्हणजे वेळ दवडणं. आधी गठ्ठे सैल करायचे, गजरा सगळीकडे एका पातळीत आणायचा आणि मग पुन्हा ताण द्यायचा. शाईही नीट पाहावी. उजव्याची शाई बरोबर मध्यावर असते. तिचा एखादा तुकडा उडाला असेल किंवा एका बाजूने ती पुडीपासून सुटली असेल, तर हातोडीने काहीही साधणार नाही. ती पुडी कारागिराकडेच न्यायची.

ऐकायचं कसं, हेही ठरलेलं आहे. अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर ‘ना’ वाजवायचा. प्रत्येक घरात हात तसाच, जोर तोच. तबला फिरवायचा, हात नाही. हाताची ठेवण बदलली तर सूर बदलल्याचा भास होतो आणि मग नीट असलेलं घर माणूस ठोकून बिघडवतो. सुरुवात एका घरापासून करावी. ते तंबोऱ्याशी किंवा पेटीशी नीट मिळवावं. नंतर शेजारच्या घराकडे न जाता बरोबर समोरच्या घराकडे जावं. ते मिळालं की काटकोनातली दोन घरं, मग त्यांच्या मधली. बरेच जण शेजारून शेजारी, गोल गोल जात सोळा घरं पुरी करतात. तसंही जमतं, पण सोळाव्या घराशी पोहोचेपर्यंत पहिलं हललेलं असतं, कारण एका घराचा ताण वाढला की पुडी त्या बाजूला ओढली जाते. समोरासमोर गेलं की ओढ दोन्हीकडे सारखी राहते.

समोरासमोर जाण्यामागे नुसती कारागिरांची सवय नाही, पक्कं भौतिकशास्त्र आहे. आपल्याकडच्या तालवाद्यांकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पहिल्यांदा नीट पाहिलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर एक टिपण लिहिलं. पुढे १९३४ मध्ये, म्हणजे नोबेल मिळाल्यावर चार वर्षांनी, याच विषयावर त्यांनी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. जगाने ज्यांना प्रकाशाच्या विकिरणासाठी ओळखलं, त्या माणसाला तबला-मृदंगाचं कोडं इतकी वर्षं खुणावत राहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

कोडं असं होतं. ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. ते एकमेकांशी जुळतात, म्हणून तारेचा सूर स्पष्ट ऐकू येतो. गोल पडद्याचं तसं नाही. साधा पडदा वाजवला की मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वाकडेतिकडे स्वर निघतात. ते आपसांत जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला धमक असते, पण सूर धूसर राहतो. तबल्याला आणि मृदंगाला मात्र स्वच्छ सूर आहे. कसा? रामन यांनी दाखवलं की शाईच्या वजनामुळे पडद्याची कंपनं बदलतात. पडदा थरथरण्याचे नऊ वेगवेगळे प्रकार एक, दोन, तीन, चार, पाच अशा पूर्ण पटींच्या पाच स्वरांत येऊन बसतात. पडद्यावर बारीक वाळू भुरभुरून त्यांनी ते डोळ्यांना दिसेल असं केलं. जिथे पडदा स्थिर राहतो तिथे वाळू गोळा होते आणि रेषा उमटतात.

शाई घालणाऱ्या कारागिरांनी हे उत्तर शतकांपूर्वी हाताने शोधून ठेवलं होतं. लोखंडाचा बारीक कीस, काजळी आणि भाताची किंवा पिठाची खळ यांचा लगदा थरावर थर देत चढवायचा आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घासायचा. घासताना शाईला केसासारखे बारीक तडे जातात. ते दोष नव्हेत. त्या तड्यांमुळेच शाई कडक पापुद्रा न होता पुडीबरोबर लवते. धानाच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे आवडावं, की तबल्याच्या स्वच्छ सुरात भाताच्या खळीचाही वाटा असतो.

आता ‘ना’कडे परत येऊ. ‘ना’ वाजतो तेव्हा पडदा दोन अर्ध्या भागांत हलतो: एक भाग वर जातो तेव्हा दुसरा खाली, आणि मधून एक स्थिर रेषा जाते. अनामिका टेकवलेली असते ती त्या रेषेवर, म्हणून तिच्यामुळे आवाज मरत नाही. पडदा गोल आणि ताण सगळीकडे सारखा असेल, तर ही रेषा कुठल्याही दिशेने फिरवली तरी सूर तोच येतो. पण एका दिशेने ताण जास्त असेल तर पडद्याला एकाऐवजी दोन सूर मिळतात, एक ताणलेल्या दिशेचा आणि एक तिच्याशी काटकोनातल्या सैल दिशेचा. त्या दोन दिशांच्या बरोबर मधल्या घरात वाजवलं की दोन्ही सूर एकदम उमटतात आणि आवाज हेलकावतो. काळी एकचा सूर सुमारे २७७ हर्ट्झचा. साध्या पडद्याच्या हिशोबाने दोन दिशांच्या ताणात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला, तरी दोन सुरांत एक-दोन हर्ट्झचं अंतर येतं, म्हणजे सेकंदाला एक-दोन हेलकावे. जाणकार वादक ‘घर बोलत नाही’ किंवा ‘सूर फाटतोय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या कानाला पुष्कळदा हेच हेलकावे लागत असतात.

यातून हाताच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. पडद्याच्या या हालचालीत एक घर आणि त्याच्या समोरचं घर एकाच रेषेवर येतात, म्हणून त्यांचा सूर जोडीने चढतो, जोडीने उतरतो. एखादं घर उतरलेलं वाटलं तर लगेच त्यावर हातोडी घालू नये. समोरचं घर ऐकावं, मग काटकोनातली जोडी ऐकावी. उतरलेल्या घराचं समोरचंही उतरलेलं असेल, तर दोघांना अर्धा अर्धा ठोका द्यावा. एकाच घराला पूर्ण ठोका दिला तर सूर जुळेल, पण पुडी एका अंगाला ओढली जाईल आणि शाई मध्यावरून सरकू लागेल. दुसरीही बाजू आहे. कधीकधी उतरलेलं घर चढवण्यापेक्षा काटकोनातली चढी जोडी थोडी उतरवणं बरं असतं, विशेषतः तबला आधीच पट्टीच्या वर असेल तेव्हा. सगळ्यांना चढवत जाण्याची सवय पुडीचं आयुष्य कमी करते.

सगळं शास्त्र सांगूनही सोळा घरं ऐकायचीच. खऱ्या पुडीत जाडी कमी-जास्त असते, चाट कुठे रुंद कुठे अरुंद कापलेली असते आणि कडेवरच्या जोरदार बोलात बारीक, उंच स्वरही उमटतात. ते त्या त्या घरापुरते वेगळे लागतात. कागदावर आठ घरं पुरतात, कानाला सोळा लागतात.

ढोलकीची गोष्ट निराळी. झाडीपट्टीच्या खडी गंमतीत शाहिराच्या आवाजाला उचलून धरते ती ढोलकी, आणि तिचा चढा, टणक सूर उघड्या मैदानातही लांब जातो. जुन्या ढोलकीत सुती दोरी आणि त्यात कड्या. कडी सरकवली की दोन दोऱ्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ताण वाढतो. दोरी एकच, दोन्ही तोंडांना गुंफलेली, त्यामुळे चाटेचं (चढ्या सुराचं) तोंड चढवलं की धुमाचं (खर्जाचं) तोंडही चढतं. म्हणून आधी सगळ्या कड्या साधारण सारख्या अंतरावर आणायच्या, चाटेचा सूर मिळवायचा आणि शेवटी धूम पाहायचा. कड्यांकडे नुसतं पाहिलं तरी कुठे काय चुकलंय ते कळतं. एक कडी मध्यावर, शेजारची टोकाला, असं दिसलं की तिथला ताण असमान आहे, हे ऐकण्याआधीच समजतं.

आता नट-बोल्टच्या ढोलक्या सगळीकडे आल्या आहेत. पान्याने काम पटकन होतं, हा मोठा फायदा. मात्र पाना हातात आला की एक चूक हमखास होते. एका नटापासून सुरुवात करून तोच पूर्ण आवळायचा, मग शेजारचा. महामार्गावरच्या गॅरेजात चाक बसवणाऱ्या पोराकडे लक्ष द्या. तो नट ओळीने आवळत नाही, एक आवळला की समोरचा घेतो आणि एका फेरीत पूर्ण न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळतो, म्हणून चाक सरळ बसतं. ढोलकीच्या तोंडावरची कडी सरळ बसायला हीच रीत हवी: पाव पाव फेरा, समोरासमोर. दुसरी चूक अशी, की सगळ्या नटांना मोजून सारखे फेरे दिले म्हणजे ताण सारखा झाला, असं समजायचं. एका बोल्टाच्या आट्यांत गंज असतो, दुसऱ्याला तेल लागलेलं असतं. फेरे सारखे दिले तरी ओढ सारखी पडत नाही. फेरे मोजायचे ते सुरुवातीला. शेवटचा निकाल प्रत्येक नटाजवळ, कडेपासून दोन बोटं आत टिचकी मारून कानाने लावायचा. वर्षातून एकदा बोल्ट सोडवून, गंज काढून, आट्यांना थोडं ग्रीस लावलं तर निम्मा त्रास वाचतो.

पाश्चात्त्य ड्रमसेट आणि शाळेतला बँडचा साइड ड्रम यांचंही हेच. तिथे कडीभोवती सहा, आठ किंवा दहा बोल्ट असतात आणि चौकोनी तोंडाच्या छोट्या किल्लीने ते समोरासमोर आवळतात. कातड्याच्या जागी तिथे पॉलिएस्टरचा पडदा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि दव-पावसाची कटकट बरीच संपली. आपल्या ढोल-ताशा पथकांनीही आता असं पान मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं आहे. या वाद्यांसाठी सम ताण मोजायची उपकरणंही आहेत. ड्रमडायल हे घड्याळासारखं यंत्र कडेजवळ पडद्यावर ठेवतात. तिथे पडदा किती दबतो, यावरून ते ताणाचा आकडा दाखवतं. ट्यून-बॉट हे कडीला चिमटा लावून बसवतात आणि ते प्रत्येक बोल्टाजवळचा सूर हर्ट्झमध्ये दाखवतं. ठरावीक जोर लागला की सटकणारी किल्लीही मिळते. पण आट्यांतल्या घर्षणाने तिलाही फसवता येतं, म्हणून या तिन्हींत मला सूर मोजणारं यंत्र सर्वांत भरवशाचं वाटतं. शेवटी आपल्याला सूरच हवा असतो.

तबल्याला ताण मोजणारं घड्याळ लावून उपयोग नाही. पुडीला चाटेचा दुहेरी थर, एकेरी लव आणि जाड शाई, त्यामुळे ती जागोजागी वेगळी दबते. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप मात्र जपून वापरलं तर कामी येतं. ‘ना’चा आवाज क्षणात विरतो आणि पहिल्या ठोक्याचा खटका काट्याला गोंधळात टाकतो. म्हणून हळू, एकसारख्या जोराने चार-पाच वेळा वाजवून काटा जिथे पुन्हा पुन्हा थांबतो तोच आकडा धरावा. ॲपमध्ये पाश्चात्त्य स्वरनावं असतात, तिथे ‘सी शार्प’ म्हणजे आपली काळी एक. आणि भजनात ज्या पेटीबरोबर वाजवायचं आहे, तिच्याशीच तबला मिळवावा. गावातली पेटी पुष्कळदा थोडी उतरलेली असते. ॲपप्रमाणे अचूक लावलेला तबला अशा पेटीसोबत बेसूर लागतो, आणि मग दोष तबलजीला लागतो. ॲपने पहिलं घर मिळवा, बाकी पंधरा कानाने. कान तयार करण्याचा दुसरा रस्ता नाही.

विदर्भात चामड्याच्या वाद्यांचं सर्वांत साधं आणि सर्वांत लाडकं रूप म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरच्या भजनांनी खेड्यापाड्यांतली माणसं जागी केली. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत आणि भजनांत ती आजही वाजते. खंजिरीला ना गठ्ठे, ना बोल्ट. कातडं चौकटीवर कायमचं ताणून बसवलेलं. तिला लावायची साधनं दोनच, पाणी आणि ऊब. चढी झाली तर आतल्या बाजूने चार थेंब पाणी घेऊन बोटांनी सगळीकडे पसरायचं, मध्येच थापायचं नाही. उतरली तर शेकायची. डफडंही असंच शेकतात, तणसाच्या जाळावर.

शेकण्यातही समतोल असतो आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. ऊब कातड्यातली ओल काढते, ओल गेली की कातडं आकसतं आणि ताण वाढतो. वाद्य एकाच जागी धरलं तर जाळाजवळची बाजू आधी आकसते आणि सूर एकीकडे चढतो. म्हणून हात सतत फिरता ठेवायचा, जाळापासून हातभर लांब, आणि मधूनमधून चार दिशांना टिचकी मारून पाहायचं. घाई इथे महागात पडते. ओलसर कातडं साठ-पासष्ट अंशांच्या आसपास कायमचं आखडतं, त्यातले तंतू पूर्वस्थितीला येत नाहीत. दवाने भिजलेलं डफडं थेट जाळावर धरलं तर त्या रात्री ते छान वाजेल, पण पुढच्या हंगामाला कडक होऊन तडकेल. आधी कोरड्या कापडाने पुसायचं, थोडा वेळ वाऱ्यावर ठेवायचं आणि मग शेकायचं.

पखवाजाला आणखी एक साधन आहे, कणीक. डाव्या तोंडावर कणकेचा ओला गोळा थापतात. वजन वाढलं की सूर खाली जातो आणि भरदार होतो. गोळा कमी-जास्त करून सूर मिळवायचा. ही कणीक मध्यावर, गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीची हवी. एका बाजूला सरकली की पुन्हा तोच दोन सुरांचा घोळ. वाजवून झालं की ती खरवडून काढायची आणि कातडं पुसून कोरडं करायचं, नाहीतर ते कुजतं, शिवाय उंदीर लागतात. पडद्यावर लेप देऊन सूर मिळवण्याची ही रीत फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या तोंडावर नदीकाठच्या मातीचा लेप देऊन त्यांना स्वरात आणण्याची पद्धत सांगितली आहे. तिला ‘मार्जना’ म्हटलं आहे आणि कोणत्या तोंडाला कोणता स्वर द्यायचा, यावरून मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी असे तिचे प्रकार केले आहेत. पुष्कर वाद्यांची कल्पना स्वाती मुनींना कमळाच्या पानांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजावरून सुचली, अशी कथाही तिथे येते. लहान, मध्यम आणि मोठी पानं वेगवेगळ्या सुरात वाजली, हे ज्या कानाने टिपलं, तो कान आपल्या परंपरेचा मूळपुरुष मानावा असं मला वाटतं.

आपल्या हवेबद्दल थोडं. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक होते. त्या दिवसांत तबला पूर्ण ताणलेला ठेवला तर पुडी आपोआप चढते आणि एखाद्या दुपारी न वाजवताच फाटते. म्हणून उन्हाळ्यात वापर नसेल तेव्हा गठ्ठे थोडे वर सरकवून ठेवावेत, चारही बाजूंनी सारखे. पावसाळ्यात याच्या उलट होतं, ओल धरून पुडी सैल पडते. आणि कूलरसमोर तबला कधीही ठेवू नये. कूलरचा ओला वारा ज्या बाजूला लागतो ती बाजू सैल पडते, दुसरी तशीच राहते, आणि मैफल सुरू झाल्यावर वादक मध्येच घरांवर हातोडी चालवत बसतो. वाद्य गाडीतून आणलं असेल तर कार्यक्रमाच्या जागी ते निदान अर्धा तास उघडून ठेवावं. जागेच्या हवेशी पुडी जुळली की मगच लावावं. आधी लावलेलं वाद्य पाच मिनिटांत पुन्हा हलतं.

बहुतेक भजनी मंडळांत तबला लावणारा माणूस एकच असतो. तो आला नाही की त्या दिवशी तबला जसा आहे तसाच वाजतो. शिकणाऱ्या मुलांना ‘धा धिं धिं धा’ पहिल्या दिवशी शिकवतात, हातोडी मात्र वर्षानुवर्षं हातात देत नाहीत. पुडी महाग आहे, मूल ती फाडेल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय सोपा. मंडळातला एखादा जुना, शाई गेलेला तबला फेकू नका. त्यावर मुलांना गजरा ठोकायला, गठ्ठा सरकवायला, घर ऐकायला शिकवा. शाई नसली तरी एका घराचा सूर दुसऱ्यापेक्षा उंच की खाली, हे त्यावर चांगलं कळतं. ज्याला सोळा घरं मिळवता येतात त्याचा कान गायकाच्या कानाइतका सूक्ष्म होतो, आणि त्याच्या ठेक्यातही तो दिसतो. शहापूर-भंडाऱ्याकडच्या मंडळांना माझी विनंती आहे: येत्या मंडईच्या आधी घरी असलेली ढोलकी, तबला, खंजिरी बाहेर काढा, बोल्टांचा गंज काढा, गजऱ्याची पातळी पाहा आणि हातोडी यंदा एखाद्या मुलाच्या हातात द्या.